चारशे भाग आणि सहा भाग

शोंडा राइम्स या अमेरिकन लेखिकेच्या दोन मालिका मी पाठोपाठ पाहिल्या. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ ही पहिली मालिका २७ मार्च २००५ रोजी एबीसी वाहिनीवर सुरू झाली, मे २०२२ मध्ये तिचा ४००वा भाग प्रसारित झाला आणि त्यानंतरही ती थांबलेली नाही. दुसरी ‘क्वीन शार्लट’, जी ४ मे २०२३ रोजी नेटफ्लिक्सवर आली, सहा भागांत आपली गोष्ट सांगून मोकळी झाली. पहिली पाहायला मला जवळजवळ दीड वर्ष लागले, कारण रोज रात्रीच्या जेवणानंतर एक, फार तर दोन भाग एवढाच वेळ मिळत असे; दुसरी एका शनिवार-रविवारी पाहून झाली. दोन्हींचे परीक्षण एकत्र लिहिण्याचे कारण असे की पहिली मालिका पाहताना जी तक्रार माझ्या मनात पर्वागणिक साचत गेली, तिचे उत्तर त्याच लेखिकेने दुसऱ्या मालिकेत दिले आहे, असे मला मनापासून वाटते. पुढे दोन्ही कथानकांतील महत्त्वाच्या घटना उघड होणार आहेत, तेव्हा ज्यांना मालिका कोऱ्या मनाने पाहायच्या असतील त्यांनी आधी त्या पाहाव्यात.

‘ग्रेज ॲनाटॉमी’चे पहिले पर्व अवघे नऊ भागांचे आहे. सिअ‍ॅटल शहरातील एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेण्यासाठी पाच तरुण डॉक्टर दाखल होतात आणि त्यांच्यातील मेरेडिथ ग्रे हिला पहिल्याच सकाळी कळते की आदल्या रात्री जो अनोळखी पुरुष तिच्या घरी होता, तो याच रुग्णालयातील वरिष्ठ न्यूरोसर्जन डेरेक शेपर्ड आहे. एवढ्यावर थांबली असती तर ही चारचौघींसारखी प्रेमकथा झाली असती. परंतु मेरेडिथची आई एलिस ग्रे ही एके काळची नामवंत शल्यविशारद आता स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली आहे आणि मुलीने ही गोष्ट रुग्णालयातील सर्वांपासून लपवून ठेवली आहे. ज्या दालनांत आईचे नाव आदराने घेतले जाते, त्याच दालनांत वावरताना घरी आई आपल्याला ओळखत नाही हे सत्य गिळून काम करणारी ही मुलगी एलेन पॉम्पेओने फार संयमाने उभी केली आहे. सँड्रा ओहने साकारलेली मेरेडिथची मैत्रीण आणि सहकारी क्रिस्टिना यांग तर त्याहून सरस आहे. महत्त्वाकांक्षेबद्दल कोणाचीही क्षमा न मागणारी अशी स्त्री व्यक्तिरेखा दूरचित्रवाणीवर तेव्हा क्वचितच दिसे, आणि या भूमिकेसाठी ओहला २००६ साली गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला तो योग्यच होता.

या लेखनाची खरी ताकद पाहायची असेल तर दुसऱ्या पर्वातील बॉम्बचे दोन भाग पाहावेत. त्यांपैकी पहिला ५ फेब्रुवारी २००६ रोजी सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या पाठोपाठ दाखवला गेला आणि अमेरिकेत तो सुमारे ३ कोटी ८० लाख लोकांनी पाहिला. एका रुग्णाच्या छातीत न फुटलेला गोळा रुतलेला आहे, एका तरुण रुग्णवाहिका कर्मचारी मुलीने रक्तस्राव थांबवण्यासाठी आत हात घातला आहे आणि हात काढला तर सारे काही उद्ध्वस्त होणार आहे. ती मुलगी भीतीने हात काढून पळते आणि त्या क्षणी, विचार करायला सवडही न मिळता, मेरेडिथचा हात आत जातो. त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावर डॉक्टर मिरांडा बेली प्रसूतिवेदनांत आहे, बाळाचा बाप वाटेत अपघात होऊन शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडलेला आहे, आणि त्याच्यावर शस्त्रक्रिया करणारा डेरेक शेपर्ड बॉम्बच्या शेजारच्याच खोलीत आहे. हे सगळे धागे अतिशय नाट्यमय आहेत, काही जणांना ते अतिरंजितही वाटतील. तरीही यातील प्रत्येक माणूस आपल्या स्वभावाशी प्रामाणिक राहूनच निर्णय घेतो, त्यामुळे श्वास रोखून पाहताना कुठेही फसवणूक झाल्यासारखे वाटत नाही. मी हे भाग दोनदा पाहिले आणि दुसऱ्या वेळी शेवट ठाऊक असूनही हाताला घाम सुटला होता.

मग बिघडले कुठे, हे समजून घेण्यासाठी त्या वाहिन्यांचा कारखाना कसा चालतो ते पाहावे लागते. अमेरिकन वाहिनीवरील मालिकेचे पर्व सप्टेंबरच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत चालते आणि त्यात तेव्हा साधारण २२ ते २४ भाग असत. ‘ग्रेज ॲनाटॉमी’चे दुसरे पर्व २७ भागांचे होते आणि तिसरे २५ भागांचे. प्रत्येक भाग जाहिराती वगळता साधारण ४२-४३ मिनिटांचा असतो आणि प्रत्येक जाहिरातीपूर्वी प्रेक्षकाला धरून ठेवणारा एक झटका द्यावा लागतो. पुढचे भाग लिहिले जात असतानाच मागच्या भागांचे चित्रीकरण चालू असते. मालिका जितकी लांबते तितके तिचे पुनःप्रसारणाचे हक्क मौल्यवान होत जातात, म्हणून यशस्वी मालिका थांबवावी असे निर्मितीसंस्थेला आणि वाहिनीला कधीच वाटत नाही. दुसरीकडे अभिनेत्यांचे सुरुवातीचे करार साधारणपणे सहा-सात वर्षांचे असतात. म्हणजे मालिका संपवण्याचा निर्णय लेखकाच्या हाती नसतो, आणि ज्या माणसांच्या जोरावर मालिका उभी असते ती माणसे मात्र ठरावीक मुदतीनंतर निघून जाऊ शकतात. लेखकाच्या वाट्याला उरते ते प्रत्येक जाणाऱ्यासाठी अपघात, मृत्यू किंवा दूरच्या शहरातील नोकरी शोधणे.

त्यामुळेच या रुग्णालयावर कोसळलेल्या संकटांची यादी विश्वासापलीकडे जाते. बॉम्बनंतर फेरीबोटीचा अपघात झाला, मेरेडिथसोबत प्रशिक्षणाला आलेला जॉर्ज बसखाली सापडला, एका बंदूकधाऱ्याने रुग्णालयात घुसून डॉक्टरांना गोळ्या घातल्या, डॉक्टरांना घेऊन जाणारे विमान जंगलात कोसळले. बंदूकधाऱ्याचे दोन भाग अतिशय परिणामकारक आहेत आणि त्या पर्वाचा शेवट म्हणून ते मला पटले. परंतु विमान कोसळले तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो कोणाचा करार संपला असेल याचा. प्रेक्षकाच्या मनात असा विचार येणे ही माझ्या मते मालिकेची सर्वांत मोठी हानी आहे, कारण त्यानंतर पडद्यावरचा मृत्यू हा त्या माणसाचा मृत्यू राहत नाही.

मराठी प्रेक्षकाला या साऱ्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. मालिकेत पाणी घातले, हा वाक्प्रचार आपल्याकडे स्वयंपाकघरातून थेट दिवाणखान्यात आला आहे. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ पासून बारा वर्षांच्या आसपास चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. त्या मानाने अमेरिकन मालिकेचे चारशे भाग किरकोळ वाटतील. पण आजार एकच आहे. मेरेडिथला तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस लेक्सी नावाची एक सावत्र बहीण लाभते, ती विमान अपघातात दगावते, आणि दहाव्या पर्वाच्या शेवटी आणखी एक अज्ञात बहीण त्याच रुग्णालयात नोकरीला आलेली निघते. हे पाहताना माझी आई, जिला इंग्रजी संवाद फारसे समजत नाहीत, शेजारून उठता उठता म्हणाली, “आता हिला जुळी बहीण तेवढी यायची राहिली आहे.” दैनंदिन मालिकांचा तिचा तीस वर्षांचा व्यासंग आहे आणि तिचे निदान सहसा चुकत नाही. तिच्याच पिढीने दूरदर्शनच्या काळात आठवड्यातून एकदा येणाऱ्या, तेरा भागांत संपणाऱ्या मालिकाही पाहिल्या होत्या, हे मी इथे मुद्दाम नोंदवते. आटोपशीर मालिका ही आपल्यासाठी परदेशातून आलेली नवी चीज नाही.

माझ्या दृष्टीने ‘ग्रेज ॲनाटॉमी’ दहाव्या पर्वाच्या चोविसाव्या भागात संपते. मे २०१४ मधील या भागात क्रिस्टिना यांग झ्युरिकला जाते. तिचा निरोप हा मृत्यू नाही, अपघात नाही. एक उत्तम शल्यविशारद अधिक मोठ्या कामासाठी दुसऱ्या देशात निघाली आहे, इतकेच. जाण्यापूर्वी दोघी मैत्रिणी प्रशिक्षणाच्या दिवसांत नाचायच्या तशा पुन्हा एकदा नाचतात, आणि क्रिस्टिना मेरेडिथला सांगून जाते की तुझा नवरा डेरेक कितीही मोहक असला तरी सूर्य तो नाही, तू आहेस. पहिल्या पर्वापासून ज्या नात्याला मालिकेने खरा कणा मानले, ते प्रेमाचे नव्हे तर मैत्रीचे नाते होते, हे या एका प्रसंगात दहा वर्षांच्या वजनासह कळते. असा प्रसंग सहा भागांच्या मालिकेला कधीही लिहिता येणार नाही, हेही मला इथेच मान्य केले पाहिजे. मिरांडा बेलीचेही तसेच. शॅंड्रा विल्सनने साकारलेली ही कडक शिस्तीची निवासी डॉक्टर बाराव्या पर्वात शल्यविभागाची प्रमुख होते, आणि त्या पदापर्यंतचा तिचा प्रवास आपण एखाद्या नातलगाची प्रगती पाहावी तसा वर्षानुवर्षे पाहिलेला असतो. लांबी हा मुळात दोष नाही, म्हणून मला तिच्याबद्दल इतक्या तळमळीने लिहावेसे वाटते.

पुढच्याच पर्वात, एप्रिल २०१५ मध्ये, डेरेक शेपर्ड मरतो. रस्त्यावरील अपघातग्रस्तांना वाचवून निघालेल्या या न्यूरोसर्जनला स्वतः अपघात होतो, त्याला एका लहान रुग्णालयात नेले जाते आणि तिथे त्याच्या डोक्याचे सीटी स्कॅन वेळेत होत नाही. बोलता येत नसलेला डेरेक मनातल्या मनात तेच सांगत राहतो. कल्पना भेदक आहे आणि पॅट्रिक डेम्प्सीने ती निभावली आहे. एवढ्या मोठ्या घटनेनंतर मालिकेने एका पर्वात आवरते घेतले असते तर तिची गणना सर्वोत्तम मालिकांत झाली असती. तसे झाले नाही. पुढील पर्वांतही अधूनमधून ठिणगी उडते. डेन्झेल वॉशिंग्टन यांनी दिग्दर्शित केलेला २०१६ मधील एक भाग, ज्यात एका रुग्णाच्या हल्ल्यानंतर मेरेडिथची श्रवणशक्ती काही काळ जाते आणि आपणही तिच्यासोबत ती शांतता ऐकतो, मी कोणालाही दाखवायला तयार आहे. परंतु २०२० मधील ॲलेक्स करेव्हच्या निरोपाने माझा संयम संपला. जस्टिन चेंबर्स मालिका सोडून गेला होता, त्यामुळे पहिल्या दिवसापासून असलेल्या या व्यक्तिरेखेला चार पत्रांतून निरोप देण्यात आला: तो पत्नीला सोडून, अनेक वर्षांपूर्वी निघून गेलेल्या इझी या जुन्या सहकारी डॉक्टरकडे परत गेला आहे, आणि तिला त्याच्यापासून झालेली जुळी मुले आहेत. एक उद्धट, दुखावलेला मुलगा जबाबदार माणूस कसा होतो हे पंधरा वर्षे दाखवून झाल्यावर, ते सारे एका टपालाने पुसून टाकले गेले. सतराव्या पर्वात कोविडने बेशुद्ध पडलेल्या मेरेडिथला समुद्रकिनाऱ्यावर डेरेक भेटतो, जॉर्ज भेटतो, लेक्सी भेटते. टाळेबंदीच्या त्या दिवसांत अनेकांना यातून दिलासा मिळाला असेल हे मी समजू शकते, पण मेलेल्यांना बोलावल्याशिवाय मालिकेला पुढे सरकता येत नव्हते, हेही त्यातून दिसते.

राइम्स यांचे स्वतःचे म्हणणे या संदर्भात ऐकण्याजोगे आहे. २०१६ सालच्या एका टेड व्याख्यानात त्यांनी सांगितले होते की त्या एका वेळी तीन, कधी चार मालिका सांभाळत आणि एका हंगामात सुमारे ७० तासांचे कार्यक्रम तयार करत. काम रंगात आले की आतून एक गुणगुण ऐकू येते असे त्यांनी वर्णन केले, आणि एके दिवशी ती गुणगुण थांबली, हेही त्यांनी त्याच व्यासपीठावरून प्रांजळपणे मान्य केले. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी एबीसी सोडून नेटफ्लिक्सशी करार केल्याची घोषणा झाली. त्याच वर्षी ‘ग्रेज ॲनाटॉमी’चे दैनंदिन सुकाणू क्रिस्टा व्हर्नॉफ यांच्याकडे गेले. २०१८ मध्ये मालिकानिर्माते रायन मर्फी आणि ‘ब्लॅक-इश’चे निर्माते केनिया बॅरिस यांनीही वाहिन्यांकडून नेटफ्लिक्सची वाट धरली. बातम्या पैशांच्या आकड्यांच्या आल्या, परंतु मला राइम्स यांच्या बाबतीत पैशापेक्षा ती थांबलेली गुणगुण अधिक महत्त्वाची वाटते, आणि ‘क्वीन शार्लट’ पाहिल्यावर तर याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

‘ब्रिजर्टन’ ही राइम्स यांच्या संस्थेची मालिका ख्रिस व्हॅन ड्यूसेन यांनी घडवली होती. तिचीच पूर्वकथा असलेली ‘क्वीन शार्लट’ मात्र राइम्स स्वतः लिहायला बसल्या. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आणि जर्मन राजकन्या शार्लट यांचे लग्न १७६१ साली झाले, एवढा इतिहास घेऊन पुढे त्यांनी मोकळेपणाने कल्पित उभे केले आहे आणि ते कल्पित असल्याचे सुरुवातीलाच सांगितले आहे. लग्नाच्या दिवशी घाबरलेली शार्लट राजवाड्याच्या बागेतील भिंत ओलांडून पळून जाण्याच्या प्रयत्नात असताना एक तरुण तिच्याशी बोलू लागतो, आणि आपण ज्याच्यापासून पळत आहोत तो हाच राजा, हे तिला थोड्या वेळाने कळते. पहिल्या भागातील हा प्रसंग गोड आणि विनोदी आहे. लग्नानंतर जॉर्ज तिच्यापासून दूर राहू लागतो, तिला अपमानित वाटते, आपल्यालाही त्याचा राग येतो. मग चौथ्या भागात तेच दिवस पुन्हा दाखवले जातात, या वेळी जॉर्जच्या बाजूने: मनाच्या आजाराशी झगडणारा, तो आजार बायकोला दिसू नये म्हणून एका क्रूर डॉक्टरच्या उपचारांना स्वतःहून सामोरा जाणारा जॉर्ज. आधीच्या तीन भागांतील प्रत्येक तुटक वाक्याचा अर्थ बदलतो. हे करण्यासाठी लेखकाला पहिले पान लिहिताना चौथा भाग पूर्ण ठाऊक असावा लागतो, आणि ती चैन राइम्स यांना एबीसीवर कधी मिळाली नव्हती.

शेवटच्या भागात ही भिंत परत येते. वृद्ध शार्लट, जी भूमिका गोल्डा रोशूव्हेलने केली आहे, वंशाला वारस येणार असल्याची बातमी जॉर्जला सांगायला जाते. तो आपल्याच भ्रमात आहे. ती पलंगाखाली शिरते आणि त्यालाही तिथे बोलावते, कारण आकाशाची भीती वाटणाऱ्या जॉर्जला तिथे आकाश गाठू शकत नाही. पलंगाखाली दोघे आडवे पडलेले असताना काही क्षण त्याची शुद्ध परत येते, चेहरे तरुण होतात आणि तो म्हणतो की तू भिंत ओलांडली नाहीस. नाही ओलांडली, असे ती उत्तर देते. उतारवयातील माणसांच्या सहजीवनाबद्दल इतके थोडक्यात आणि इतके खरे लिहिलेले मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. इंडिया अमार्टेफिओ आणि कोरी मिल्क्रीस्ट यांची निवड, टॉम व्हेरिका यांचे दिग्दर्शन, तरुण लेडी डॅनबरीचे स्वतंत्र आणि कडवट उपकथानक, हे सारे उत्तमच आहे. परंतु माझ्या मनात घर करून राहिली ती भिंत.

स्ट्रीमिंगवर गेले की लेखन आपोआप आटोपशीर होते, असे मात्र नाही. राइम्स यांचीच ‘इन्व्हेंटिंग ॲना’ ही २०२२ मधील नऊ भागांची मालिका याचा पुरावा आहे. एका नियतकालिकातील लेखावर आधारलेली ही खऱ्या फसवणुकीची गोष्ट पाच भागांत चपखल बसली असती. जाहिरातींचे बंधन नसल्यामुळे भाग तासाच्याही पुढे जातात आणि पत्रकाराच्या गर्भारपणापासून वकिलाच्या संसारापर्यंत सगळीकडे भटकतात. जुलिया गार्नरच्या विलक्षण उच्चारांसाठी मी ती पूर्ण पाहिली, दुसऱ्यांदा पाहणार नाही. उलट बाजूला ‘द रेसिडेन्स’ ही व्हाइट हाऊसमधील खुनाचा तपास सांगणारी, याच संस्थेची आठ भागांची मालिका मार्च २०२५ मध्ये आली आणि एका पर्वातच बंद करण्यात आली. उझो अडूबाने रंगवलेली पक्षिवेडी गुप्तहेर आणखी दोन प्रकरणे सहज पेलू शकली असती. आणि एक गोष्ट विसरता येत नाही: नील्सन संस्थेच्या मोजणीनुसार अमेरिकेत २०२४ मध्ये स्ट्रीमिंगवर ‘ग्रेज ॲनाटॉमी’ ४७ अब्जांहून अधिक मिनिटे पाहिली गेली आणि ‘ब्लूई’ या बालमालिकेखालोखाल तिचा क्रमांक लागला. म्हणजे ज्या माध्यमाकडे लेखक लांबलचक मालिकांना कंटाळून गेले, त्या माध्यमाचे प्रेक्षक अजूनही त्याच लांबलचक मालिकांवर रात्र काढत आहेत. दिवसभर थकून आलेल्या माणसाला ओळखीची माणसे हवी असतात, हे मी स्वतःच्या दीड वर्षावरून सांगू शकते.

ज्यांना यातले काही पाहायचे असेल त्यांच्यासाठी माझा सल्ला स्पष्ट आहे. भारतात ‘ग्रेज ॲनाटॉमी’ जिओहॉटस्टारवर आहे. पहिली तीन पर्वे सलग पाहावीत. चौथे लेखकांच्या संपामुळे १७ भागांवर आटोपले आणि कथाही त्यात विस्कटली, तेव्हा ते घाईने उरकले तरी चालेल. पाचवे आणि सहावे पुन्हा नीट पाहावे. विमान अपघातानंतरची दोन पर्वे क्रिस्टिनासाठी पाहावीत आणि दहाव्या पर्वाच्या चोविसाव्या भागात, दोघी नाचून झाल्यावर, थांबावे. नंतर डेन्झेल वॉशिंग्टन यांचा तो एक भाग सुटा पाहिला तरी समजतो. ‘क्वीन शार्लट’ नेटफ्लिक्सवर आहे, तिच्यासाठी ‘ब्रिजर्टन’ आधी पाहण्याची गरज नाही, आणि चौथा भाग संपल्यावर शक्य असेल तर लगेच पहिला भाग काढून बागेतील तो प्रसंग पुन्हा एकदा पाहावा. मी तसे केले, आणि भिंतीपाशी उभ्या असलेल्या त्या हसऱ्या तरुणाचा थरथरणारा हात मला तेव्हा पहिल्यांदा दिसला.